मनाच्या औषधांची कुळकथा

चार वर्षांपूर्वीं मी शाळेच्या नोकरींतून निवृत्त झालों. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला. आतां स्वस्थपणें वाचन करावें, नातवंडांत रमावें, असे बेत होते. प्रत्यक्षांत निराळेंच घडलें. पहाटे तीन वाजतां जाग येई आणि उजाडेपर्यंत छातींत धडधड चाले. जेवणाची रुचि गेली. वर्तमानपत्र हातांत घेतलें तरी एका रकान्यापुढें मन जाईना. कोणी भेटावयास आलें तर तें केव्हां उठेल असें होई. शरीर तपासून घेतलें. त्यांत कांहीं दोष निघाला नाहीं. शेवटीं सौभाग्यवतींच्या आग्रहावरून एका मनोविकारतज्ज्ञाकडे गेलों.

त्यांनीं दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एक रात्रीं घ्यावयाची. ती दोनतीन आठवडेच घ्यावी आणि मग कमी करीत बंद करावी, असें बजावलें. दुसरी रोज सकाळीं घ्यावयाची. तिचा गुण दिसण्यास महिनाभर लागेल, धीर धरावा, मध्येंच सोडूं नये, असें सांगितलें. पहिल्या गोळीनें त्याच रात्रीं झोंप लागली, म्हणून तिच्यावर माझी भक्ति जडली. दुसरीनें आठ दिवसांत कांहींच केलें नाहीं, उलट मळमळूं लागलें, म्हणून दहाव्या दिवशीं ती मीं फडताळांत टाकून दिली. म्हणजे जी सोडावयाची ती धरली आणि जी धरावयाची ती सोडली! चिठ्ठी जुनी झाली तरी ओळखीचा दुकानदार गोळ्या देत राहिला आणि मी घेत राहिलों. ह्या उफराट्या कारभारांत माझें सव्वा वर्ष गेलें.

दोष डॉक्टरांचा नव्हता. त्यांनीं सांगितलेलें मीं ऐकलें होतें, पण त्यामागचें कारण मला ठाऊक नव्हतें. आणि कारण ठाऊक नसलेली आज्ञा माणूस फार दिवस पाळीत नाहीं. ह्या दोन गोळ्या दोन निरनिराळ्या कुळांतल्या आहेत, त्यांचा जन्म निराळा, स्वभाव निराळा आणि धोकाहि निराळा, हें मला पुढें वाचनानें कळलें. तीच कुळकथा आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हें. अमुक घ्या, तमुक घेऊं नका, असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु इतिहास कळला म्हणजे वैद्याचें सांगणें समजूं लागतें, एवढा अनुभव माझ्या पदरीं आहे.

खिन्नता आणि धास्ती हीं माणसाइतकींच जुनीं दुखणीं आहेत. ग्रीक वैद्य म्हणत कीं, शरीरांत काळें पित्त वाढलें म्हणजे माणूस विषण्ण होतो. ‘मेलँकोलिया’ ह्या शब्दाचा अर्थच काळें पित्त असा आहे. आपल्या चरकसंहितेंत विषादाची गणना वातविकारांत केली असून, रोग वाढविणाऱ्या गोष्टींत तो अग्रगण्य मानला आहे. निरीक्षण असें जुनें होतें. पण उपाय अपुरे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पाश्चात्य वैद्यकानें ब्रोमाइडचे क्षार व क्लोरल हीं औषधें वापरावयास घेतलीं. १९०३ मध्यें ‘व्हेरोनल’ आणि १९१२ मध्यें ‘ल्युमिनल’ हीं बार्बिट्युरेट जातीचीं औषधें आलीं. ह्या सर्वांचें काम एकच: मेंदूचें कार्य मंद करून गुंगी आणणें. दुःख जात नसे. दुःखी माणूस तेवढा झोंपीं जाई. शिवाय झोंप आणणारी मात्रा आणि प्राण घेणारी मात्रा ह्यांतलें अंतर फार थोडें. १९३० नंतर अँफेटामिनसारखीं उत्तेजक द्रव्यें देऊन पाहिलीं. त्यांनीं घटकाभर तरतरी येई आणि मागाहून सवय जडे. १९३८ मध्यें रोम येथें चेर्लेत्ती आणि बिनी ह्यांनीं मेंदूंतून विजेचा प्रवाह सोडण्याचा उपाय काढला. तीव्र खिन्नतेंत तो गुणकारी ठरला व योग्य रोग्यांवर आजहि भूल देऊन तो केला जातो. परंतु तो रुग्णालयांतला उपाय. घरीं राहून पोटांत घेण्याजोगें, खिन्नतेच्या मुळाशीं जाणारें असें औषध १९५० पर्यंत वैद्यांच्या हातीं नव्हतें.

पुढच्या घडामोडींचें एक मूळ आपल्याच देशाच्या मातींत आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. सर्पगंधा नांवाची एक वनस्पति आहे. तिची मुळी आपल्याकडे उन्मादावर आणि निद्रानाशावर फार पूर्वींपासून देत असत. १९३१ मध्यें कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं ही मुळी उन्माद व रक्तदाब ह्या दोहोंवर चालते असा लेख वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनीं तिच्यांतून शुद्ध द्रव्यें वेगळीं काढलीं आणि हकीम अजमलखान ह्यांच्या स्मरणार्थ एकास ‘अजमलीन’ असें नांव दिलें. १९४९ मध्यें मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर सर्पगंधा वापरून आलेला अनुभव एका ब्रिटिश मासिकांत छापला, आणि मग साऱ्या जगाचें लक्ष ह्या मुळीकडे वेधलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनीं तिच्यांतलें प्रभावी द्रव्य ‘रिसर्पीन’ वेगळें केलें. न्यूयॉर्क प्रांतांतील डॉ. नेथन क्लाइन ह्यांनीं तें मनोरुग्णालयांतील रोग्यांना देऊन पाहिलें आणि १९५४ मध्यें त्याचे परिणाम जाहीर केले. १९५७ सालचा अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन होते आणि आपले वकीलहि होते.

परंतु रिसर्पीननें एक अनपेक्षित धडाहि शिकविला. रक्तदाबासाठीं तें घेणारे कांहीं रोगी उदास होऊं लागल्याचें डॉक्टरांनीं नोंदविलें. १९५५ मध्यें अमेरिकेंत बर्नार्ड ब्रॉडी ह्यांच्या प्रयोगशाळेंत असें दिसून आलें कीं, ह्या औषधानें शरीरांतील सेरोटोनिन नांवाच्या द्रव्याचा सांठा रिता होतो. सेरोटोनिन हें मज्जातंतूंमधला निरोप्या आहे. निरोपे कमी झाले म्हणजे मन खचतें काय, असा प्रश्न उभा राहिला. पुढील संशोधनानें रिसर्पीन आणि खिन्नता ह्यांचा संबंध तेव्हां वाटला तितका सरळ नसल्याचें दाखविलें. तरी प्रश्न मात्र जन्मास आला होता, आणि त्या प्रश्नानेंच पुढची चाळीस वर्षें संशोधकांना कामास लावलें.

आतां पहिल्या कुळाकडे, म्हणजे मन उचलून धरणाऱ्या औषधांकडे वळूं. त्यांचा शोध प्रथम क्षयाच्या रुग्णालयांत लागला. १९५२ मध्यें न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयाच्या रोग्यांवर ‘आयप्रोनायझिड’ ह्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. जे रोगी महिनोन् महिने अंथरुणावर निपचित पडलेले, ते हंसूंबोलूं लागले. त्यांना भूक लागूं लागली. दालनांत नाचणाऱ्या रोग्यांचें छायाचित्र वृत्तपत्रांत झळकलें. प्रथम डॉक्टरांना हा औषधाचा एक उपद्रवच वाटला. परंतु १९५७ मध्यें त्याच क्लाइन ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह हें औषध क्षय नसलेल्या, पण खिन्नतेनें ग्रासलेल्या रोग्यांना दिलें आणि गुण येतो असें जाहीर केलें. सेरोटोनिनसारख्या निरोप्यांचा नाश करणारें एक द्रव्य शरीरांत असतें. हें औषध त्या द्रव्याला अडवितें, असें त्याच्या कार्याचें स्पष्टीकरण मिळालें.

हर्ष फार दिवस टिकला नाहीं. आयप्रोनायझिडनें यकृतास अपाय होतो असें दिसल्यामुळें अमेरिकेंत तें १९६१ मध्यें मागें घ्यावें लागलें. त्याच जातीचीं दुसरीं औषधें आलीं, तों निराळेंच संकट उद्भवलें. तीं घेणाऱ्या कांहीं रोग्यांचें डोकें एकाएकीं असह्य दुखूं लागे, रक्तदाब भडके, कांहीं तर दगावले. कारण कोणास उमगेना. नॉटिंगहॅमच्या एका औषधविक्रेत्याची पत्नी असलें औषध घेत असे. चीज खाल्लें कीं तिचें डोकें दुखतें, हें त्या गृहस्थाच्या नजरेस आलें, आणि त्यानें लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयांतील तरुण डॉक्टर बॅरी ब्लॅकवेल ह्यांना तसें पत्र लिहिलें. प्रथम ही कल्पना थट्टेचा विषय झाली. परंतु १९६३ मध्यें ब्लॅकवेल ह्यांनीं ती खरी असल्याचें दाखवून दिलें. जुन्या चीजमध्यें टायरामीन नांवाचें द्रव्य असतें. तें नाहीसें करणारी शरीराची व्यवस्थाच हें औषध बंद पाडतें. तेव्हांपासून त्या औषधांसोबत पथ्याची यादी आली. मोठमोठ्या प्रयोगशाळांना जें दिसलें नाहीं, तें घरच्या माणसाला जेवणाच्या टेबलाशीं दिसलें. ‘औषध सुरू झाल्यावर काय काय बदललें?’ असें डॉक्टर घरच्यांना विचारतात, तें उगीच नव्हें.

ह्याच कुळाची दुसरी शाखा स्वित्झर्लंडांत जन्मली. कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं म्युन्स्टरलिंगेन म्हणून एक गांव आहे. तेथील मनोरुग्णालयांत रोलंड कून हे डॉक्टर होते. गायगी कंपनीनें त्यांच्याकडे एक नवें द्रव्य भ्रमिष्ट रोग्यांवर चाचणीसाठीं पाठविलें. त्या रोग्यांना त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं; कांहीं तर अधिकच अस्वस्थ झाले. तेव्हां कून ह्यांनीं १९५६ च्या जानेवारींत तें तीव्र खिन्नतेच्या रोग्यांना देण्यास आरंभ केला. कांहीं दिवसांतच त्यांची मुद्रा पालटूं लागली. तीं माणसें पुन्हां बोलूं लागलीं, कामांत लक्ष घालूं लागलीं. ह्या द्रव्याचें नांव ‘इमिप्रामीन’. सप्टेंबर १९५७ मध्यें झुरिक येथें जागतिक मनोविकार परिषदेंत कून ह्यांनीं चाळीस रोग्यांवरील आपला अनुभव सांगितला, तेव्हां श्रोते जेमतेम डझनभर होते, असें सांगतात. पुढें त्याच औषधानें साऱ्या जगांत वैद्यकाची दिशा बदलली. तोंडाला कोरड पडणें, बद्धकोष्ठ, चक्कर हे त्याचे त्रास. आणि मोठी मात्रा एकदम पोटांत गेली तर हृदयावर घातक परिणाम, हा सर्वांत मोठा धोका. जो रोगी जिवास कंटाळला आहे, त्याच्याच हातीं असें औषध द्यावें लागे, हा त्या काळच्या डॉक्टरांपुढचा पेंच होता.

ह्या यशाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. २०१९ मध्यें स्विस इतिहासकारांनीं म्युन्स्टरलिंगेनच्या जुन्या दप्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून असें दिसतें कीं, तेथें अनेक वर्षें नवीं द्रव्यें रोग्यांना दिलीं जात, आणि पुष्कळांना आपल्यावर प्रयोग होत आहे ह्याची कल्पनाहि दिली जात नसे. आपल्या डबींतली गोळी अशा कित्येक अनामिक माणसांच्या उपकारानें आपल्यापर्यंत पोंचली आहे. आणि तो उपकार त्यांनीं आपण होऊन केलेला नव्हता.

आतां दुसरें कुळ, मन शमविणाऱ्या औषधांचें. त्याचा जन्म त्याच दशकांत, परंतु निराळ्या घरीं झाला. फ्रँक बर्गर हे इंग्लंडांत पेनिसिलिन टिकविण्याच्या खटपटींत होते. एक द्रव्य उंदरांना टोंचलें असतां त्यांचे स्नायु सैल पडतात, पण शुद्ध हरपत नाहीं, असें त्यांना दिसलें. त्या धाग्यावरून पुढें अमेरिकेंत ‘मेप्रोबामेट’ तयार झालें, आणि १९५५ मध्यें ‘मिल्टाउन’ ह्या नांवानें बाजारांत आलें. तें इतकें खपलें कीं, दुकानांवर ‘आज शिल्लक नाहीं’ अशा पाट्या लागत.

त्यानंतर लिओ स्टर्नबाख ह्यांची कथा येते. क्रॅकोव्ह येथें शिकलेले हे ज्यू रसायनशास्त्रज्ञ युद्धकाळांत, १९४१ मध्यें, अमेरिकेस आले व रोश कंपनीच्या न्यू जर्सींतील प्रयोगशाळेंत काम करूं लागले. एका जातीचीं अनेक द्रव्यें त्यांनीं बनविलीं. एकाहि द्रव्याचा उपयोग दिसेना. काम थांबवावें असें ठरलें. १९५७ मध्यें प्रयोगशाळेची आवराआवर चालू असतां फळीवर एक न तपासलेलें द्रव्य सांपडलें. टाकून देण्याऐवजीं तें तपासणीस धाडलें, आणि त्यांतून १९६० मध्यें ‘लिब्रियम’ व १९६३ मध्यें ‘व्हॅलियम’ हीं औषधें निघालीं. बेंझोडायझेपाइन ह्या कुळाचे हे मूळपुरुष. आज आपल्याकडे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम इत्यादि नांवांनीं जीं औषधें मिळतात, तीं ह्यांचींच भावंडें होत. बार्बिट्युरेटच्या मानानें तीं पुष्कळ सुरक्षित होतीं. गुण तासाभरांत दिसे. साहजिकच डॉक्टर संतुष्ट, रोगी संतुष्ट, आणि कारखानदार तर अधिकच संतुष्ट झाले.

किंमत कळावयास वीस वर्षें लागलीं. हीं औषधें नित्य घेतलीं म्हणजे शरीर त्यांना सरावतें; तीच मात्रा पुरेनाशी होते; आणि एकदम थांबविलीं तर मूळ धास्ती दुप्पट होऊन परतते, हात कांपतात, प्रसंगीं झटकेहि येतात. दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावून जिवावर बेततें. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. १९८८ मध्यें इंग्लंडच्या औषधसुरक्षा समितीनें सांगितलें कीं, हीं औषधें दोन ते चार आठवड्यांहून अधिक काळ देऊं नयेत. आपल्या सरकारनेंहि ह्यांपैकीं अनेक औषधें ‘एच-१’ ह्या परिशिष्टांत घातलीं असून २०१४ पासून तो नियम अमलांत आहे. त्याप्रमाणें विक्रेत्यानें डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली पाहिजे आणि विक्रीची वेगळी नोंद ठेवली पाहिजे.

ह्या नियमाचें मर्म मला पुस्तकांतून कळण्यापूर्वीं अंगावरच कळलें. एकदां सणामुळें दुकान बंद होतें आणि माझी गोळी तीन दिवस चुकली. दुसऱ्या रात्रीं अंगाला दरदरून घाम सुटला, हात असे थरथरूं लागले कीं चहाची कपबशी धरवेना. मला वाटलें, आपला आजार किती वाढला आहे! वस्तुतः तो आजार नव्हता. ती गोळीची वसुली होती. मुलीनें फडताळ उघडून पाहिलें, तेव्हां एका डबीची शिगोशीग भरलेली पट्टी आणि दुसऱ्या डबीच्या रिकाम्या पट्ट्यांचा ढीग तिला दिसला. तिनें मला पुन्हां त्याच डॉक्टरांकडे नेलें. ते रागावले नाहींत. रात्रीची गोळी त्यांनीं एकदम बंद न करतां थोडथोडी कमी करीत चार महिन्यांत सोडविली, आणि सकाळची पुन्हां सुरू केली. ह्या वेळीं मीं धीर धरला. पांचव्या आठवड्यांत एके सकाळीं मला चहाची चव लागली. कित्येक महिन्यांत ती लागलेली नव्हती, हें मला त्या क्षणीं कळलें.

ही सकाळची गोळी पहिल्या कुळांतल्या तिसऱ्या पिढीची. तिचा इतिहास असा. इमिप्रामीन अनेक निरोप्यांवर एकदम काम करतें, म्हणून त्याचे उपद्रवहि अनेक; तेव्हां एकट्या सेरोटोनिनवर काम करणारें द्रव्य शोधावें, असा विचार पुढें आला. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन ह्यांच्या खटपटीनें ‘झिमेलिडीन’ हें औषध १९८२ मध्यें बाजारांत आलें. परंतु कांहीं रोग्यांना त्यामुळें मज्जातंतूंचा गंभीर विकार होतो असें आढळून, तें दुसऱ्याच वर्षीं मागें घेतलें गेलें. तिकडे अमेरिकेंत लिली कंपनीच्या ब्रायन मॉलॉय, डेव्हिड वाँग आणि रे फुलर ह्या संशोधकांनीं १९७२ पासून ‘फ्लुऑक्सेटीन’वर काम चालविलें होतें. डिसेंबर १९८७ मध्यें त्यास परवाना मिळाला व ‘प्रोझॅक’ ह्या नांवानें तें जगभर गेलें. मागून सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम वगैरे त्याचीं भावंडें आलीं. हीं औषधें जुन्यांहून अधिक गुणकारी होतीं असें नव्हें. तीं सोसावयास सोपीं होतीं आणि एकदम अनेक गोळ्या घेतल्या तरी प्राणास धोका पुष्कळ कमी होता. ह्या एका गुणामुळें खिन्नतेचा उपचार रुग्णालयांतून निघून शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत आला. उपद्रव नाहींत असें मात्र नाहीं. मळमळ, झोंपेंत फरक, कामेच्छा मंदावणें हे त्रास पुष्कळांना होतात. ते संकोचानें लपवूं नयेत. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा औषध बदलतां येतें.

येथें एक शंका येईल. धास्तीसाठीं शमविणारें आणि खिन्नतेसाठीं उचलणारें, अशी जर वाटणी आहे, तर केवळ धास्तीच्या रोग्यालाहि डॉक्टर खिन्नतेवरचें औषध कां देतात? ह्याचें उत्तर न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयांत सांपडलें. १९६० च्या आगेंमागें तेथें डोनल्ड क्लाइन नांवाचे डॉक्टर होते. मघाचे क्लाइन निराळे. एकाएकीं भीतीचा झटका येणाऱ्या रोग्यांना त्यांनीं इमिप्रामीन देऊन पाहिलें. कांहीं आठवडे गेले. रोगी म्हणे, मला कांहींच गुण नाहीं. परंतु परिचारिकांनीं सांगितलें कीं, जो रोगी ‘मी मरतों, मी मरतों’ म्हणत दिवसांतून कित्येकदां आमच्याकडे धांवत येई, तो आतांशा येईनासा झाला आहे. रोग्यास कळण्यापूर्वीं गुण आला होता! तेव्हांपासून हळूहळू हें स्पष्ट झालें कीं, दीर्घकाळच्या धास्तीवरहि पहिल्या कुळाचींच औषधें अधिक भरंवशाचीं. दुसऱ्या कुळाचीं औषधें तोंवरच्या थोड्या दिवसांच्या आधारापुरतीं. माझ्या डॉक्टरांनीं दोन गोळ्या बरोबर कां दिल्या होत्या, तें येथें उलगडतें. एक होती पूल बांधून होईपर्यंतची होडी, दुसरी पूल.

ह्या औषधांविषयीं वाद नाहींत असें कोणी समजूं नये. २००४ मध्यें अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें इशारा दिला कीं, लहान व किशोर वयाच्या रोग्यांत हीं औषधें सुरू करतांना आत्मघाताचे विचार वाढूं शकतात. २००७ मध्यें तो इशारा चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाहि लागू केला. म्हणून पहिले कांहीं आठवडे घरच्यांनीं डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावें लागतें. औषध सोडतांना होणारा त्रास पूर्वीं सौम्य व थोड्या दिवसांचा समजला जाई; कांहींना तो दीर्घकाळ व तीव्र होतो, हें २०१९ मध्यें इंग्लंडच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें मान्य केलें. गुणाविषयीं म्हणाल तर २०१८ मध्यें ५२२ चाचण्यांचा आणि त्यांतील १,१६,४७७ रोग्यांचा एकत्र विचार करून संशोधकांनीं असा निष्कर्ष काढला कीं, तपासलेलीं एकवीसहि औषधें पोकळ गोळीहून सरस आहेत. मात्र सरासरीनें तें सरसपण बेताचें आहे. कोणाला पुष्कळ गुण येतो, कोणाला थोडा, कोणाला मुळींच नाहीं. तेव्हां एका औषधानें गुण आला नाहीं म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं, आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी मागून घेण्याचेंहि कारण नाहीं.

२०२२ मध्यें आणखी एका समालोचनानें असें दाखविलें कीं, सेरोटोनिन कमी पडल्यानें खिन्नता येते ह्या मतास भक्कम पुरावा नाहीं. त्यावरून ‘मग औषधच खोटें’ असा ओरडा झाला. इतिहासाचा विद्यार्थी येथें जरा थांबेल. सिंकोना झाडाची साल हिंवतापावर सतराव्या शतकापासून युरोपांत देत होते. हिंवताप वाईट हवेनें येतो, अशी तेव्हांची समजूत. तो डासांमार्फत पसरतो ह्याचा पुरावा रोनल्ड रॉस ह्यांना १८९७ मध्यें आपल्या सिकंदराबादेस मिळाला. दोनअडीचशे वर्षें कारण चुकीचें होतें, पण साल खरी होती. मनाच्या औषधांविषयींहि तसेंच आहे. तीं काम कशीं करतात ह्याचें पूर्ण उत्तर अजून मिळालेलें नाहीं. तीं कितपत काम करतात, हें मात्र मोजलें गेलें आहे. ह्या दोन प्रश्नांची गल्लत करूं नये.

श्रोतेहो, ह्या साऱ्या कथेंतून घरोघरीं ध्यानांत ठेवण्याजोगें काय उरतें? पहिलें हें कीं, डबी हातीं आली म्हणजे ‘ही शमविणारी कीं उचलणारी, आणि किती दिवस घ्यावयाची?’ असें डॉक्टरांना स्पष्ट विचारावें. जी लवकर गुण देते तिला लवकर निरोप द्यावयाचा असतो. जी उशिरा गुण देते ती बरें वाटल्यावरहि बहुधा सहा महिने तरी चालू ठेवावी लागते. दुसरें, कोणतीहि गोळी आपल्या मनानें एकाएकीं बंद करूं नये. तिसरें, आपण दुसरीं जीं कांहीं औषधें घेत असूं, मग तीं वैद्यांचीं असोत वा घरगुती, तीं डॉक्टरांपासून लपवूं नयेत. चीजची गोष्ट विसरूं नये. चौथें, गोळी हा एकच उपाय नव्हें. जाणत्या समुपदेशकाशीं नियमानें बोलणें हा उपचारहि चाचण्यांत उतरलेला आहे. सौम्य दुखण्यांत पुष्कळदां तोच प्रथम सुचवितात आणि तीव्र दुखण्यांत औषधाच्या जोडीस देतात.

आणि शेवटची गोष्ट लाजेची. गुडघे दुखले तर आपण चार लोकांत सांगतों. मन दुखलें तर दार लावून घेतों. मीहि तेंच केलें. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें हा उपचार मिळणें हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरविला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारनें ‘टेली मानस’ ही दूरध्वनीची सेवा सुरू केली असून १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. ज्यांच्या मनांत जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, त्यांनीं तर एक दिवसहि थांबूं नये.

माझ्या फडताळांत आतां एकच डबी आहे. तिच्यांतली मात्राहि डॉक्टर सावकाश कमी करीत आहेत. ती केव्हां संपेल हें मी त्यांना विचारीत नाहीं. पण ती कशासाठीं आहे, हें आतां मला ठाऊक आहे.